बर्फाच्या पोटातून : शामोनीच्या बोसों हिमनदीची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका पोत्यापासून करूया.

ऑगस्ट २०१२. फ्रान्समधलं शामोनी. आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर माँ ब्लाँ, त्याच्या अगदी पायथ्याचं हे गाव. तिथे डोंगरात बचावकार्य करणाऱ्या एका माणसाला बोसों नावाच्या हिमनदीवर एक तागाचं पोतं सापडलं. वजन साधारण नऊ किलो. भिजलेलं, पण शाबूत. त्यावर शिक्का होता : भारत सरकार, परराष्ट्र मंत्रालय, राजनैतिक टपाल. आत काय होतं? जानेवारी १९६६ मधली 'द हिंदू' आणि 'द स्टेट्समन'ची वर्तमानपत्रं, एअर इंडियाची कॅलेंडरं आणि न्यूयॉर्कमधल्या भारतीय कॉन्सुल जनरलच्या नावाचं एक खासगी पत्र. सेहेचाळीस वर्षं बर्फात राहून कागद बऱ्यापैकी पांढरे राहिले होते.

हे पोतं तिथे कसं आलं हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असेल. २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं 'कांचनजंगा', डॉ. होमी भाभा. त्याकडे आपण येणारच आहोत. पण भाभांची गोष्ट सांगताना आपण नेहमी डोंगराला बाजूला ठेवतो. विमान होतं, डोंगर आडवा आला, संपलं. आज मला उलट बाजूने जायचंय. डोंगरापासून सुरुवात, आणि विमान शेवटी. कारण या एकाच हिमनदीने अशा गोष्टी आधीही परत दिल्या होत्या, तेही विमानांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. माँ ब्लाँची उंची साधारण ४८०० मीटर. त्याच्या उत्तर उतारावरून बोसों खाली उतरते, सुमारे सात किलोमीटर लांब. शामोनीचं खोरं आहे हजार-बाराशे मीटरवर. म्हणजे जवळजवळ शिखरापासून ते जंगलाच्या हद्दीत शिरेपर्यंत ही बर्फाची जीभ लोंबत असते. शामोनीच्या रस्त्यावरून चालताना मान वर केली की घरांच्या छपरांमागे तीच दिसते. आपल्याकडे गंगोत्रीची किंवा पिंडारीची हिमनदी बघायची तर डोंगरात लांबवर चालत जावं लागतं. इथे कॉफी पिता पिता दिसते. या फरकाचा इतिहासावर मोठा परिणाम झाला आहे. इथे हिमनदी गावाच्या शेजारी राहते, त्यामुळे ती काय करते यावर तिन्ही त्रिकाळ लोकांचं लक्ष असतं.

आणि शेजार काही नेहमी सुखाचा नव्हता. साधारण १६०० च्या आसपास युरोपात थंडीचा मोठा काळ चालू होता, ज्याला छोटं हिमयुग म्हणतात. शामोनीच्या हिमनद्या तेव्हा पुढे सरकत होत्या. शेतं गेली, वाड्या गेल्या. लोकांना करवसुली करणाऱ्यांपुढे रडगाणी गावी लागली, कारण ज्या जमिनीवर कर होता ती बर्फाखाली गेली होती. १६४४ मध्ये शेवटी धर्मगुरूंना बोलावलं. जिनिव्हाचे सहबिशप शार्ल द साल सुमारे तीनशे माणसांची मिरवणूक घेऊन हिमनद्यांच्या तोंडाशी गेले आणि मंत्र म्हणून त्यांनी बर्फाला मागे जायला सांगितलं. आपल्याकडे पूर ओसरावा म्हणून नदीची ओटी भरतात ना, तसाच काहीसा प्रकार. त्या काळात या डोंगराचं एक नावही 'शापित डोंगर' असंच होतं. डोंगरात वर जाणारी माणसं दोनच प्रकारची. एक, शामवा नावाच्या डोंगरी हरणासारख्या प्राण्याची शिकार करणारे. आणि दुसरे, कड्यांमध्ये स्फटिक शोधणारे.

मग १७४१ च्या जूनमध्ये जिनिव्हाहून काही इंग्रज तरुण आले, विल्यम विंडम आणि रिचर्ड पोकॉक त्यांचे पुढारी. हत्यारंबित्यारं घेऊन, जणू एखाद्या अज्ञात मुलखावर स्वारी करायची आहे. स्थानिक लोकांना बरोबर घेऊन ते माँतांव्हेर नावाच्या जागी चढले आणि तिथून त्यांनी शेजारची मोठी हिमनदी पाहिली. वादळात खवळलेलं पाणी जागच्या जागी गोठावं तसं ते दृश्य विंडमला वाटलं, आणि पुढे त्यावरूनच तिचं नाव पडलं 'मेर द ग्लास', बर्फाचा समुद्र. या सहलीचं वर्णन छापून आलं आणि शामोनीला पाहुण्यांची रीघ लागली. गटे येऊन गेला, १८१६ मध्ये मेरी शेली आली. 'फ्रँकनस्टाइन'मध्ये तो शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला जीव एकमेकांसमोर उभे राहतात ती जागा हीच, मेर द ग्लास. थोडक्यात, ज्या बर्फाला शंभर वर्षांपूर्वी पळवून लावायला बिशप आणला होता, तेच बर्फ आता गावाला पोसायला लागलं.

पण मेर द ग्लासवर पुष्कळ लिहिलं गेलंय. तिथे १९०९ पासून रेल्वे जाते, हिमनदीत कोरलेली गुहा आहे, गर्दी आहे. मला तुम्हाला न्यायचंय बोसोंच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेवर.

ही वाट 'ला जाँक्सियों' नावाच्या जागी जाते, उंची २५८९ मीटर. खोऱ्यातून थेट सुरुवात केली तर दीड हजार मीटरची चढाई. म्हणजे बारीतून कळसूबाई चढतो त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि त्याच दिवशी उतरायचं. आधी जंगलातून नागमोडी वाट, मग एक छोटं उपाहारगृह, मग झाडं संपतात आणि तुम्ही एका सोंडेवर येता. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना 'सोंड' म्हटल्यावर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. फरक एवढाच की इथे सोंडेच्या दोन्ही बाजूंना दरीऐवजी बर्फ वाहतं. वर जाताना डाव्या हाताला बोसों, उजव्या हाताला ताकोना. मधल्या खडकाच्या पाचरीने वरून येणारा बर्फ दोन भागांत फाटतो, आणि ती फाट जिथे पडते ती जागा म्हणजे ला जाँक्सियों. हिरवट-निळ्या भिंती, इमारतीएवढे बर्फाचे ठोकळे, आणि मधूनच आतून येणारा कडकड आवाज. इथून पुढे दोर, काटेरी बूट आणि वाटाड्या नसेल तर एक पाऊलही टाकायचं नाही.

या सोंडेच्या वरच्या टोकाजवळ एक मोठा खडक आहे. त्याच्या आडोशाला ७ ऑगस्ट १७८६ ची रात्र दोन माणसांनी काढली. आजही त्या जागेला 'बाल्माचा मुक्काम' म्हणतात. तिथे मुक्काम दोघांचा होता, नाव मात्र एकाचंच राहिलं. आणि यामागे एक जुनं भांडण आहे.

जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर १७६० मध्ये, विशीत असताना, शामोनीला आला आणि माँ ब्लाँच्या प्रेमात पडला. माथ्यावर जायची वाट शोधून काढणाऱ्याला त्याने बक्षीस जाहीर केलं. सव्वीस वर्षं ते कुणालाच मिळालं नाही. शेवटी गावातला डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि स्फटिक शोधणारा झाक बाल्मा हे दोघे निघाले. पाकारला बक्षिसात रस नव्हता, त्याला वर जाऊन हवेचा दाब मोजायचा होता, म्हणून बरोबर बॅरोमीटर. दोर नाही, शिडी नाही, हातात लांब काठ्या. बर्फातल्या भेगांवर काठ्या आडव्या टाकून पलीकडे जायचं. ८ ऑगस्टच्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दोघे माथ्यावर उभे होते.

बक्षीस घ्यायला बाल्मा गेला, आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण पुढे जे झालं ते वाईट झालं. मार्क-तेओदोर बूरी नावाचा जिनिव्हाचा एक चित्रकार-लेखक होता. त्याने स्वतः माँ ब्लाँ चढायचा प्रयत्न केला होता आणि त्याला जमलं नव्हतं. त्याने छापून टाकलं की खरा पराक्रम बाल्माचा, डॉक्टर म्हणजे नुसतं मागे ओढत आणलेलं ओझं. पाकारने उत्तर दिलं, बाल्माच्या सहीचं निवेदनही प्रसिद्ध केलं. स्वतःचं पुस्तक काढायची जाहिरात केली, पण पुस्तक कधी आलंच नाही. १८३२ मध्ये अलेक्झांद्र द्युमा, हो, 'थ्री मस्केटिअर्स'वाला, शामोनीला आला आणि सत्तरीतल्या बाल्माची त्याने मुलाखत घेतली. म्हाताऱ्याने गोष्ट रंगवून सांगितली, द्युमाने ती आणखी रंगवून लिहिली. पाकार तोवर वारला होता. १८८७ मध्ये गावात पुतळा उभा राहिला तो सोस्यूर आणि त्याला शिखर दाखवणाऱ्या बाल्माचा. डॉक्टर त्यात नाही.

आता गंमत बघा. त्या दिवशी शामोनीत एक जर्मन सरदार होता, फोन गेर्सडॉर्फ. त्याने दुर्बीण लावून सगळी चढाई पाहिली होती आणि वेळेनिशी टिपणं काढली होती. ती वही संशोधकांच्या हाती लागायला विसावं शतक उजाडलं. त्यातून स्पष्ट झालं की दोघेही बरोबरीने चढले, आणि डॉक्टर कुणाच्या पाठीवर बसून गेला नव्हता. पाकारचा पूर्णाकृती पुतळा शामोनीत बसला १९८६ मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी. मला विचाराल तर मी आधी त्याच्यासमोर जाऊन उभा राहीन.

पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः अठरा वाटाड्यांना घेऊन माथ्यावर गेला. त्यानंतर माँ ब्लाँवर जाणं हा श्रीमंत पाहुण्यांचा शौक झाला आणि वाटाड्या होणं हा शामोनीतल्या शेतकऱ्यांचा धंदा. धंद्यात पैसा होता, धोकाही होता, पण धोक्याचा हिशोब कुणी मांडला नव्हता.

२० ऑगस्ट १८२०. रशियाच्या झारच्या नोकरीत असलेला डॉ. हामेल, त्याच्याबरोबर ऑक्सफर्डहून आलेले दोन इंग्रज आणि आठ वाटाडे. हवा बिघडलेली, ताजं बर्फ पडलेलं. वरच्या पठारापाशी, म्हणजे साधारण ३९०० मीटरच्या पुढे, ते एका उतारावरून आडवे चालले होते. पायांखालचा बर्फाचा थरच निसटला. सगळे घरंगळले. बाकीचे कसेबसे थांबले, पण पुढचे तीन जण, पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ओग्युस्त तेराझ, एका भेगेत गेले आणि वरून बर्फ पडून ती भेग बुजली. पाहुणे तिन्ही वाचले. मेले ते तिन्ही शामोनीचे.

गावात यावर प्रचंड संताप उसळला. पाहुण्याच्या हट्टापायी किती वर जायचं, आणि घरचा कर्ता माणूस गेला तर मागे राहिलेल्यांचं काय, हे प्रश्न आता कुणाला टाळता येईनात. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांची संघटना स्थापन झाली. जगातली ही पहिली, आणि ती आजही चालू आहे. कामं पाळीपाळीने वाटायची, म्हणजे पाहुण्यासाठी आपापसांत मारामाऱ्या नकोत. दर ठरलेले. आणि अपघात झाला तर कुटुंबाला मदत करायला एक सामायिक निधी. आपण ट्रेकला जाताना स्थानिक वाटाड्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा मला ही तीन नावं आठवतात. असो.

आता इथे प्रवेश होतो जेम्स फोर्ब्सचा. स्कॉटलंडचा भौतिकशास्त्रज्ञ. हिमनदी सरकते हे गावकऱ्यांना शतकानुशतकं माहीत होतं, पण ती सरकते कशी यावर शास्त्रज्ञांत वाद होता. फोर्ब्स १८४२ च्या उन्हाळ्यात मेर द ग्लासवर तळ ठोकून बसला. त्याने बर्फावर खुणा रोवल्या, काठावरच्या पक्क्या खडकावर मोजणीचं यंत्र लावलं आणि दिवसागणिक, अगदी काही तासांगणिक, खुणा किती हलल्या ते मोजलं. त्याला दिसलं की हिमनदी दिवसाही सरकते, रात्रीही सरकते. मध्यभागी जास्त, काठाशी कमी. म्हणजे नदीसारखीच की! काठाला घर्षण होतं म्हणून पाणी मंद, मध्यात वेगवान. फोर्ब्सने सांगितलं की बर्फ वरून कितीही टणक दिसला तरी स्वतःच्या वजनाखाली तो अतिशय घट्ट पाकासारखा वाहतो. तपशिलांवरून पुढे जॉन टिंडलशी त्याचं जोरदार भांडण झालं, पण मोजमापं टिकली.

हे वाहणं कसं चालतं ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. हिमनदीच्या वरच्या भागात दरवर्षी जितकं बर्फ पडतं तितकं वितळत नाही. त्यामुळे या वर्षीचा थर गेल्या वर्षीच्या थरावर बसतो, खालचा दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट निळा बर्फ बनतो. म्हणजे वर पडलेली कुठलीही वस्तू, टोपी म्हणा, माणूस म्हणा, दरवर्षी आणखी खोल जाते आणि त्याच वेळी खाली सरकत राहते. एका ठरावीक उंचीच्या खाली आल्यावर हिशोब उलटतो. तिथे जितकं पडतं त्याहून जास्त वितळतं. मग वरचा एकेक थर नाहीसा होत जातो आणि खोल गेलेली वस्तू पुन्हा वर येत असल्यासारखी दिसते. खरं तर वस्तू वर येत नाही, तिच्यावरचं छप्पर उडत जातं.

फोर्ब्सने वेगाचं गणित मांडून सांगितलं होतं की १८२० मधल्या त्या तिघांचे अवशेष साधारण चाळीस वर्षांनी बोसोंच्या खालच्या टोकाला बाहेर येतील.

आले. १८६१ च्या ऑगस्टमध्ये. एक्केचाळीस वर्षांनी.

हाडं, कपड्यांच्या चिंध्या, एक हात, फेल्टची टोपी, कंदील, होकायंत्र आणि हो, शिदोरीतली शिजवलेली मटणाची तंगडी. त्या दिवशी वाचलेल्यांपैकी जोसेफ-मारी कुते अजून हयात होता, वय सत्तरीच्या पुढे. ते अवशेष ओळखायला त्याला बोलावलं. हा प्रसंग मार्क ट्वेनने आपल्या युरोपच्या प्रवासवर्णनात सांगितला आहे, त्यामुळे इंग्रजी वाचकांत तो गाजला. मला मात्र ट्वेनच्या सांगण्यापेक्षा तो म्हातारा डोळ्यांसमोर येतो. तो स्वतः सुरकुतला, वाकला, आणि समोर आलेल्या हाताच्या कातडीत मात्र तारुण्य तसंच होतं. एकाच दिवशी एकाच उतारावर असलेले दोन सोबती, आणि दोघांच्या वयात आता चाळीस वर्षांचं अंतर.

इथून आपण ऐंशी-नव्वद वर्षं पुढे जाऊ. आणि मुंबईला येऊ.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस', लॉकहीड कंपनीचं चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन. स्वतंत्र भारताला एक वर्षही पूर्ण झालं नव्हतं, त्यामुळे या उड्डाणाचं कौतुक किती झालं असेल याची कल्पना करा. याच विमानाने ३ नोव्हेंबर १९५० ला त्याच मार्गावर, जिनिव्हाकडे उतरताना वादळी हवेत माँ ब्लाँला धडक दिली. जागा रोशे द ला तूर्नेत, शिखराच्या जरा खाली. ४८ माणसं गेली. प्रवाशांत बहुतेक सगळे भारतीय खलाशी होते, इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला चाललेले.

शामोनीहून वाटाडे निघाले. नोव्हेंबर महिना, ताजं बर्फ, वारा. रने पेयो नावाचा नामांकित वाटाड्या बचावपथकात होता. तो भेगेत पडून मेला. १८२० च्या अपघाताशी ही गोष्ट जुळते आणि जुळतही नाही. तेव्हा पाहुण्यांना वर न्यायचं म्हणून वाटाडे गेले. इथे ज्यांचं नाव-गाव माहीत नाही, ज्यांची भाषा येत नाही अशा माणसांपैकी कुणी वाचलं असेल या आशेवर एक माणूस गेला. दुसरी तुकडी सेंट-जर्वेच्या बाजूने चढून विमानापर्यंत पोहोचली. कुणीही वाचलं नव्हतं.

फ्रान्समध्ये या अपघातावरून कादंबरी आली, पुढे सिनेमेही आले. आपल्याकडे 'मलबार प्रिन्सेस' हे नाव आज दहा जणांना विचारलं तर एखाद्याला आठवेल. खलाशी होते ना. मुंबई बंदरातून बोटीवर जाणाऱ्यांत कोकणातल्या, गोव्यातल्या घरांतली किती माणसं असायची हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. ही माणसं परदेशात गेली आणि परत आली नाहीत तर गावात एक पत्र यायचं, बस.

आणि मग १९६६. सोळा वर्षांनी. 'कांचनजंगा', बोइंग ७०७, मुंबईहून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाकडे येणारं. ११७ माणसं. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा व्हिएन्नाच्या बैठकीला चालले होते. २४ जानेवारीची सकाळ. विमान जवळजवळ त्याच जागी आदळलं जिथे 'मलबार प्रिन्सेस' आदळलं होतं.

कारण? आपल्याकडे या अपघाताभोवती कटाच्या कहाण्या खूप फिरतात, त्या मी इथे उगाळणार नाही. चौकशीतून जे पुढे आलं ते साधं आहे, आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारं आहे. आपली जागा पक्की कळायला लागणाऱ्या उपकरणांपैकी एक विमानात बैरूतपासूनच बंद होतं. वैमानिकाने अंदाज बांधला की आपण माँ ब्लाँ ओलांडलंय, आणि तसं जिनिव्हाच्या नियंत्रकाला कळवलं. नियंत्रकाने रडारवर पाहिलं की नाही, अजून ओलांडलेलं नाही, आणि तसं त्याने सांगितलंही. पण सांगताना शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाला वाटलं की त्याच्याच म्हणण्याला दुजोरा मिळाला. त्याने विमान खाली घ्यायला सुरुवात केली.

त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. दोन आठवड्यांपूर्वी ताश्कंदला शास्त्रीजी गेले होते. हे सगळं एका महिन्यात.

दोन्ही विमानांचे अवशेष बोसोंच्या माथ्यावर विखुरले. त्या उंचीवर, त्या उतारावर, भर हिवाळ्यात जेवढं गोळा करता आलं तेवढं केलं. बाकीचं बर्फाने घेतलं. आणि फोर्ब्सच्या गणिताप्रमाणे ते खाली यायला लागलं. १९७८ मध्ये 'मलबार प्रिन्सेस'च्या टपालाची एक थैली सापडली. पुढे इंजिनाचे, चाकांचे भाग आले. २०१२ मध्ये 'कांचनजंगा'चं ते राजनैतिक पोतं, सेहेचाळीस वर्षांनी. हामेलच्या वाटाड्यांना एक्केचाळीस वर्षं लागली होती. दोन्ही प्रवासांची सुरुवात वेगवेगळ्या उंचीवर झाली हे लक्षात घेतलं तर आकडे किती जवळ आहेत बघा.

२०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला धातूची एक पेटी मिळाली. आत लहान लहान पुड्या, त्यांत पाचू, नीलम आणि माणकं. काहींवर 'मेड इन इंडिया' असं लिहिलेलं. लाखभर युरोंहून जास्त किमतीचा माल. एकटाच होता, आजूबाजूला कुणी नाही. त्याने ती पेटी खाली आणून पोलिसांच्या हवाली केली. मालकाचे वारस मिळाले नाहीत आणि २०२१ मध्ये निम्मा वाटा त्याला, निम्मा शामोनी गावाला असा निवाडा झाला. गावाने आपला वाटा स्फटिकांच्या संग्रहालयात ठेवला. बाल्मासारखी माणसं जिथून स्फटिक आणायची त्याच डोंगराचं हे संग्रहालय, आणि त्यात आता एअर इंडियाच्या विमानातली रत्नं.

२०१७ मध्ये मानवी अवशेषही सापडले. ते कुणाचे हे कळायला मार्ग नसतो. दोन विमानं, एकच हिमनदी.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. बोसों १९८० च्या सुमारापर्यंत मधूनमधून थोडी पुढेही सरकायची. त्यानंतर ती सतत आटते आहे. जिथे पूर्वी पायवाटेवरून उतरून बर्फाला हात लावता यायचा तिथे आता नागडा खडक आणि हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा. शेजारच्या मेर द ग्लासची अवस्था त्याहून ठळक दिसते. १९८८ मध्ये तिथे रोपवे बांधला तेव्हा उतरल्यावर चार पावलांवर बर्फ होता. मग लोखंडी जिने जोडत गेले. पायऱ्या पाचशेच्या वर गेल्या आणि शेवटी २०२४ मध्ये आणखी वरच्या बाजूला नवा रोपवे बांधावा लागला. जिन्याच्या कडेला पाट्या होत्या, या या वर्षी बर्फ इथवर होता. १९९० ची पाटी डोक्यावर कितीतरी उंच असायची आणि तुम्ही अजून उतरतच असायचात.

म्हणजे फोर्ब्सचं वेळापत्रक आता लागू राहिलेलं नाही. छप्पर जोरात उडतंय, त्यामुळे वस्तू लवकर आणि जास्त उंचीवर उघड्या पडतायत. उन्हाळ्यात या बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी, आणि आता आपल्याकडूनही बरेच जण जातात, एवढं लक्षात ठेवा की बर्फाच्या कडेला वाकलेला पत्रा, वायरीचा तुकडा, बुटाचा तळवा दिसला तर तो खिशात टाकायचा नाही. खाली येऊन पोलिसांना सांगायचं.

२०२० च्या उन्हाळ्यात याच हिमनदीजवळ, १३५० मीटरवर उपाहारगृह चालवणाऱ्या एका माणसाला वर्तमानपत्रांचा गठ्ठा सापडला. 'नॅशनल हेरल्ड', 'इकॉनॉमिक टाइम्स'. ओले होते. त्याने एकेक पान सोडवून वाळत घातलं. ठळक मथळ्यात बातमी होती की इंदिरा गांधी भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार.

आणि २०१२ च्या त्या पोत्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्याने ते शामोनीहून ताब्यात घेतलं आणि दिल्लीला पाठवलं. पाठवलं एअर इंडियाच्याच नेहमीच्या विमानाने. त्या विमानातल्या परसरच्या ताब्यात पोतं दिलं होतं. त्याचे वडील 'कांचनजंगा'वर फ्लाइट इंजिनिअर होते.